शटरच्या पात्यांवरचं तेल

ताईचा कॅमेरा उघडायला बसलो, तर बायकोने आधी टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि मग दम दिला, "एक जरी स्क्रू हरवला तरी घर डोक्यावर घ्यायचं नाही." मी म्हटलं, "तीस वर्षं शिलाई मशिनी खोलतोय मी. हे डबडं काय चीज आहे!"

डबडं म्हणालो खरं, पण ह्याच डबड्याने आम्हाला जगवलं. आई-वडील लवकर गेले. ताईने लोकांच्या लग्नाचे, शाळांचे, पासपोर्टचे फोटो काढून घर चालवलं आणि मला मशीन दुरुस्तीचं काम शिकायला धाडलं. मग एक दिवस कॅमेऱ्याचं शटर अडकलं. "म्हातारा झाला," एवढंच ताई म्हणाली आणि तो कपाटात गेला तो गेलाच.

आता तिचा उजवा डोळा पार गेलाय. डाव्याचं सोमवारी ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर हमी देत नाहीत. गेल्या आठवड्यात चहा पिता पिता ती म्हणाली, "त्या कॅमेऱ्यावर अजून एक रोल काढायला मिळाला असता ना, तर बरं वाटलं असतं." ताईने माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. शनिवारी मी दुकान उघडलंच नाही.

लेन्सच्या पुढच्या कड्याला पेचकस लावायला खाच नव्हती. बॉबिन भरायच्या चाकाचं रबर काढलं, कड्यावर दाबून फिरवलं, तेव्हा कुठे ते सुटलं. पुढची काच कुठवर फिरलेली होती तिथे शिंप्याच्या खडूने खूण केली, ती अलगद बाहेर काढली, आणि आत शटरची पाती दिसली. पाच पाती, कांद्याच्या सालीइतकी पातळ, एकमेकांना घट्ट चिकटलेली. वर जुनं, पिवळं पडलेलं तेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठल्या गाढवाने इथे तेल घातलं?"

"हळू!" बायको आतून ओरडली.

आमच्या मशिनीला तेल नाही मिळालं तर ती मरते. शटरच्या पात्यांचं उलटं. ती कोरडी ठणठणीत लागतात, एक थेंब पडला की संपलं. मोबाईलवर आठवडाभर बघून मला एवढं तरी कळलं होतं. त्या गाढवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी बाजूची पट्टी सोडवायला घेतली. तीन स्क्रू एकसारखे होते. चौथा वेगळा, जबरदस्तीने पिळून बसवलेला. भिंग लावून बघितला आणि माझा हातच थांबला.

तो शिलाई मशीनमधल्या बॉबिन केसचा स्क्रू होता. तसला मी झोपेतही ओळखेन.

दुकान टाकून महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. ताईला न सांगता तिच्या कॅमेऱ्याची सर्व्हिसिंग केली होती, चांगलं सढळ हाताने तेल घालून! एक स्क्रू हरवला, म्हणून हाताला लागला तो ठोकून दिला. आणि हे मी साफ विसरून गेलो होतो.

बायको बाहेर आली, माझं तोंड बघितलं आणि शेजारी बसली.

लायटरचं पेट्रोल आणि कापूस घेऊन मी दुपारपर्यंत पाती पुसत राहिलो. चौदाव्या खेपेला ती उघडली आणि झटकन मिटली. जीव भांड्यात पडला. पण रविवारी ताईकडे जाताना पाय उचलेना.

तिच्या हातात कॅमेरा दिला. तिने कानाशी धरून बटण दाबलं, परत दाबलं, आणि हसली. मी एका दमात सांगून टाकलं, "ताई, हा म्हातारा झाला नव्हता. मी बिघडवला होता."

"माहितेय की."

"काय?"

"अरे, कॅमेऱ्याला मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि तुझ्या टेबलावर बॉबिन केस उघडी पडलेली. मी काय आंधळी होते तेव्हा?" ती स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसली.

"मग नीट का नाही करून घेतलास?"

"कोणाकडून? त्या कोपऱ्यावरच्या कॅमेरेवाल्याकडून? त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. संध्याकाळच्या आत बाजारभर झालं असतं, सख्ख्या बहिणीचा कॅमेरा बिघडवला म्हणून. मग तुझ्याकडे मशीन कोणी टाकलं असतं रे?"

आता मला आठवलं. कॅमेरा बंद पडल्यावर दोन वर्षं ताई गावाच्या दुसऱ्या टोकाच्या स्टुडिओतून कॅमेरा मागून आणायची आणि काम झालं की चालत परत द्यायला जायची. आणि घरी यायला उशीर झाला, जेवण थंड झालं म्हणून मी तिच्यावर ओरडायचो.

"मला एकदा तरी बोलायचंस ना, ताई."

"बोलले असते तर तू पुन्हा पेचकस धरला नसतास. भडकू आहेस, पण मनाचा हळवा. मला ठाऊक नाही का?"

तिने चाचपडतच मी नेलेला रोल भरला. मला खिडकीशी बसवलं, माझ्यापासून मागे मोजून पाच पावलं गेली आणि लेन्सचं कडं तेवढ्या अंतराच्या हिशोबाने फिरवलं. डावा डोळा लावला.

"ताई, मी..."

"बोलू नकोस, हलशील."

शटर वाजलं. मग मी बोललो, रडतच बोललो, "मी आज जो काही आहे तो तुझ्यामुळे आहे गं."

"बरं, बरं," ती रोल पुढे सरकवत म्हणाली, "आता डोळे पूस आणि इकडे बघ. मला तुझा नीट एक काढून घेऊ दे."