पोरांच्या हाताला आलेली कडी

मित्रांनो, मी एक जुने दार आहे. मात्र माझ्यातून आता कोणी आत जात नाही की बाहेर येत नाही. मेडशीच्या रस्त्यालगत एक लहानसे गाव आहे. तेथील समाजमंदिराच्या ओसरीत, भिंतीवर मी टांगलेले आहे, आणि तेही उलटे! माझे काळे तोंड पाहून कृपया हसू नका. त्या काळेपणातच माझ्या जन्माचे सार्थक झाले. ते कसे झाले, हे मी आपणांस यथाशक्ती निवेदन करते.

लखीराम सुतारांनी मला कडुनिंबाच्या चार फळ्यांतून घडविले आणि वरच्या बाजूस एक जाड लोखंडी कडी ठोकली. गोजराबाई नावाच्या माउलीच्या शेळ्यांच्या गोठ्याला मी बसले. बावीस वर्षे मी तेथे इमानाने सेवा केली. एका हिवाळ्यात लांडग्याने माझ्या पायथ्याशी नखे मारली. पण मी हलले नाही. सकाळी गोजराबाईंनी माझ्यावरून हात फिरविला व त्या म्हणाल्या, "हे दार नोहे, राखनदार हाय माहा." त्या शब्दांवर मी कित्येक वर्षे काढली.

पुढे गावात एक नवल घडले. रूपाताई नावाची एक बारावी शिकलेली सून होती. मुले शाळेत इंग्रजी कविता तोंडपाठ म्हणतात, परंतु पुस्तक समोर धरले तर त्यांना एक ओळ वाचता येत नाही, हे तिच्या ध्यानी आले. तिने आयाबापांना एकत्र बोलाविले.

"शिकवाले मास्तर कुठून आनतं व?" एकीने विचारले.

"मास्तर आपुनच," रूपाताई म्हणाली. "सोंगनीले आपुन सावड करतो का नाई? आज तुमी माह्या वावरात, उद्या मी तुमच्या. तसंच करू. रोज दिवेलागणीले एका घरची पाळी. रविवारी दुपारी मी तुमाले शिकवीन, आठवडाभर तुमी पोट्ट्यायले शिकवा."

मित्रांनो, मी गोठ्याचे दार. मला विद्येचे काय कळणार? परंतु हे ऐकून माझ्या फळ्या शहारल्या. जे स्वतःच आज शिकतील, ते उद्या शिकवतील! असे मी कधी ऐकले नव्हते.

फळा मात्र कोणाकडेच नव्हता. तेव्हा गोजराबाई उठल्या व म्हणाल्या, "माह्या कोठ्याचं दार घेऊन जा."

त्यांचा मुलगा इंद्रभान तेथेच उभा होता. तो संतापला. "माय, दार देऊन राह्यली, उद्या भिंती बी देशीन! थंडीत बकऱ्या काय कांबळं पांघरतीन?"

बराच वाद झाला. शेवटी इंद्रभानने सर्वांसमोर एक अट घातली. "लागोपाठ तीन दिवस फळा कोरा राह्यला, का चौथ्या दिवशी दार माह्या कोठ्यावर. मंग कोनी तोंड वाकडं करू नका." सर्वांनी ही अट मान्य केली.

टॉर्चचे संपलेले सेल फोडून, त्यांतील काळी भुकटी वालाच्या पाल्याच्या रसात घोटून मला तीन हात देण्यात आले. मग घाईघाईत मला टांगले ते उलटे! कडी खाली आली आणि लांडग्याचे ओरखडे माथ्यावर गेले. पुरुष मंडळी पुन्हा शिडी आणू लागली, तेव्हा रूपाताई म्हणाली, "राहू द्या. कडी पोरायच्या हाताले आली." तेव्हापासून माझी कडी ही वर्गाची घंटा झाली. ती खडखडली की गल्लीगल्लीतून मुले धावत येत.

मी काय काय पाहिले! निंदून आलेल्या बाया मातीच्या हातांनी माझ्यावर अक्षरे काढीत.  चुकले तर त्या हसत, पुसत आणि पुन्हा काढीत. ज्या अंगावर शेळ्यांनी शिंगे घासली, त्या अंगावर साता समुद्रापलीकडची अक्षरे उमटावीत, हे माझे केवढे भाग्य!

इंद्रभानच्या घरची पाळी त्याची पत्नी वैजयंती करीत असे. तो स्वतः रविवारी कधी आला नाही. त्यांची आठ वर्षांची मुलगी वैष्णवी मात्र सर्वांच्या आधी येऊन कडी वाजवीत असे.

मग सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, आली. आभाळ भरून येत होते, म्हणून सारे गाव वावरात राबत होते. वैजयंतीची आई कारंजा गावी पाय घसरून पडली, म्हणून वैजयंती बसने तिकडे गेली. पहिल्या दिवशी ज्यांची पाळी होती ते अंधार पडल्यावर परतले. दुसऱ्या दिवशी पाळी रूपाताईची होती, पण तिच्या वावरात मळणी यंत्र आले. दोन दिवस मी नव्या अक्षरांवाचून कोरे राहिले. वैष्णवीने एकटीनेच बराच वेळ कडी खडखडविली व ती निघून गेली.

तिसरी पाळी इंद्रभानच्या घरची होती! तो नुसता घरी बसला असता, तरी अट त्याने जिंकली असती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो ओसरीत आला. केसांत सोयाबीनचा भुसा होता व खांद्यावर दोर होता. मी समजले, की माझी विद्या संपली. त्याने मला वरून खाली निरखले. खालच्या कोपऱ्यात वैष्णवीने मागल्या वर्गात काढलेली काही अक्षरे कोणी पुसली नव्हती. तो उकिडवा बसला व एका अक्षरावर त्याने बोट ठेवले.

"बाबा!" मागे वैष्णवी उभी होती. "दार काढाले आले का?"

त्याने खांद्यावरचा दोर पाठीमागे सारला.

"आज आपली पाळी हाय. माय त नाई. तुमी शिकवा ना."

"मले काय येते व? हसतीन पोट्टे."

"मी सांगीन ना. हे पाहा, ह्याले ई म्हन्तात."

इंद्रभानने मान तिरपी केली, पुन्हा सरळ केली. मग तो हळूच म्हणाला, "अवं, हे त आपली पेरनीची तिफन हाय! आडवी पडली हाय. तीन दाते, मोजून पाह्य."

वैष्णवी खळखळून हसली. तो मात्र हसला नाही. तिफण पाहणाऱ्या त्या डोळ्यांत मी जे पाहिले, त्याचे वर्णन करण्यास माझ्याजवळ शब्द नाहीत. तो दोर घेऊन तसाच परत गेला.

संध्याकाळी कडी वाजली. ती वैष्णवीने नव्हे, तर तिच्या बापाने वाजविली! तो आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होता. काखेत विळा होता, हातात बाभळीचे बेचके होते आणि खांद्यावर तोच दोर होता.

"पोट्टेहो, मले इंग्रजी येत नाई," तो म्हणाला. "मी सामान दाखवतो, तुमी अक्षर सांगा."

त्याने विळा वर धरला. "सी!" मुले ओरडली. बेचके धरले. "वाय!" जे जे मुले सांगत, ते तो माझ्यावर काढी. पेरणीची काकर सरळ जावी तशी त्याची रेघ सरळ जात होती. रस्त्याने गावातले वृद्ध भिवाजीबाबा चालले होते, ते थबकले.

"इंद्रभान, मास्तर झाला का बे?"

"नाई बाबा, पोट्ट्याइनं मले पह्यलीत बसवलं!"

सर्वांत शेवटी त्याने खांद्यावरचा दोर काढला. मला बांधून नेण्यासाठी आणलेला तो दोर त्याने ओसरीवर वळणावळणाने ठेवला.  मग वैष्णवीच सर्वांत मोठ्याने ओरडली, "एस!"

मित्रांनो, लांडगा आला तेव्हा मी हलले नव्हते. त्या सायंकाळी मात्र माझी कडी कोणी न हलविता हलली, असे मला वाटले. एक प्रौढ माणूस लेकरांपुढे म्हणतो की मला येत नाही, आणि एकही लेकरू हसत नाही! याहून मोठे काही मी या जन्मात पाहिले नाही.

पुढे तूर निघाली. इंद्रभानने तुराट्यांची एक घट्ट तट्टी विणली व शेळ्यांच्या गोठ्याला बसविली. गोजराबाईंनी ती हलवून पाहिली आणि त्या म्हणाल्या, "दार मांगू नोको आता." तो म्हणाला, "कोन मांगून राह्यलं?" आता दर रविवारी दुपारी तो सर्वांत पुढे बसतो.

माझे वय झाले आहे. माझ्या एका फळीला वाळवी लागली आहे, आणि पावसाचे पाणी ओसरीत येते. मला ओल्या फडक्याने पुसू नका. वर्षातून एकदा काळा हात द्या. परंतु हे राहून गेले तरी चालेल. माझी खरी विनंती निराळीच आहे. दिवेलागणीला माझी कडी वाजविण्यास कोणीतरी या. वावरातून तसेच या, मातीच्या हातांनी या. काही येत नसेल, तरी या.