एका घशाचा अभ्यास

वडील गेले की लोक रडतात, निदान कपाटं आवरतात. मी वैद्यकीय शोधनिबंध वाचायला घेतले. पोटापाण्यासाठी मी शाळेची भूगोलाची पुस्तकं तपासते, तेव्हा या विषयातला माझा अधिकार केवढा, ते वेगळं सांगायला नको.

बाबांचं हृदय घरीच थांबलं. रुग्णवाहिकेतून दोघे आले. एकजण छाती दाबत राहिला, दुसऱ्याने बाबांच्या घशात एक नळी सरकवली. तिच्या टोकाला मऊ मास्क असतो. तो स्वरयंत्रावर झाकणासारखा बसतो आणि हवा फुप्फुसांत जाते. बाबांच्याही गेली. बाबा मात्र परत आले नाहीत.

आई हे सगळं दारातून बघत होती. नंतर एवढंच म्हणाली, "ह्यांना साधी गोळी गिळवत नव्हती गं."

खरंच होतं. त्यांची प्रत्येक गोळी ती दोन चमच्यांत चिरडून द्यायची.

तिला दिलासा द्यायचा म्हणून मी वाचत सुटले. मास्क पहिल्याच प्रयत्नात किती जणांना बसला, किती हवा बाजूने निसटली, उठल्यावर घसा किती जणांचा दुखला, सगळं पाठ. जे उठलेच नाहीत त्यांना अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. ही उणीव गाळून मी आईपुढे व्याख्यान झोडलं आणि शेवटी म्हटलं, "त्यांना काही कळलं नसणार."

"तुला काय माहीत? तुझ्या घशात घातलं होतं का कुणी?"

एवढं वाचून मुसळ केरात.

माझ्या हाताच्या हाडाला जुन्या फ्रॅक्चरच्या वेळी बसवलेली धातूची पट्टी होती. ती काढून घ्यायचं मी वर्षानुवर्षं टाळत होते. त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घेतली.

"एवढ्याशा कामाला पूर्ण भूल कशाला?" भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "नुसता हात बधिर करू. गप्पा मारत पडा."

"नको, पूर्णच द्या. आणि घशात तो मास्क घाला. त्यात हवेचा दाब किती ठेवता?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "विमानात बसल्यावर पायलटलाही असंच विचारता का?"

"विचारलं असतं. ते दार बंद ठेवतात."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आता खरं काय ते सांगा."

मी सांगितलं. त्यांनी पेन पुन्हा उचललं.

"पूर्ण भूल दिली तर मी तोच मास्क वापरेन. पण तुम्हाला आधी औषध देऊन झोपवणार. वडिलांची गोष्ट वेगळी होती. यातून काही सिद्ध होत नाही."

"मला कळतं ते. आईला कुठे कळणार आहे?"

जाग आली तेव्हा हाताला जाड पट्ट्या होत्या आणि आई खाटेला खेटून बसली होती. मी विजयी मुद्रेने तोंड उघडलं, तर आवाज बेडकाचा.

"त्यांनी मास्क घातला होता आई, तोच. कधी घातला, कधी काढला, काही कळलं नाही. घसा जरा खवखवतोय, बस."

"तुला भूल दिली होती," आई म्हणाली.

"हो."

"ह्यांना नव्हती दिली."

माझा अख्खा अभ्यास तिने दोन वाक्यांत नापास केला. घसा आता जास्तच दुखायला लागला होता.

"एवढ्यासाठी पूर्ण भूल घेतलीस?"

मी मान हलवली.

"वेडी कुठली! ह्यांच्यावर गेलीस." तिने माझं पांघरूण उगाचच सारखं केलं. "गाडी यायच्या आधी मी हाका मारत होते ना, अगदी कानाशी तोंड नेऊन. माझ्या हाकेला हा माणूस न्हाणीघरातूनसुद्धा ओ द्यायचा. त्या दिवशी नाही दिली. तेव्हाच नव्हते ते. मग नळीचं काय कळणार होतं त्यांना?"

जगातल्या एकाही शोधनिबंधात हे नव्हतं. मी घरात कुणाला विचारलंच नव्हतं.

नर्सने दुखण्यावरची गोळी आणून दिली. आईने पिशवीतून डब्यासोबतचे दोन चमचे काढले, गोळी एकात ठेवली, दुसरा वर धरला. तिचे हात तसेच राहिले.

"तुला अख्खी जाते, नाही का?"

"आज नको," मी म्हटलं. "आज चिरडूनच दे."