लाल पट्टी

जुन्या संगणकांचं वेड असलेल्या लोकांचा एक गट आहे. वर्षातून एकदा ते एखादा हॉल घेतात, टेबलं मांडतात आणि आपापली चाळीस-चाळीस वर्षांची यंत्रं चालू करून दिवसभर त्यांच्याभोवती रमतात. यंदा त्यांनी मला बोलायला बोलावलं. मी वीजमीटर तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस. माइकसमोर उभं राहायची वेळ याआधी एकदाच आली होती, निवृत्तीच्या निरोप समारंभात, आणि तेव्हाही मी तीन वाक्यांत आटोपलं होतं.

बोलावण्याचं कारण एक प्रोग्रॅम. मी एकोणीस वर्षांचा असताना तो संगणकाच्या एका मासिकात छापून आला होता, अडीच पानं, वर माझं नाव. संगणक आत काय करतोय हे तो टीव्हीच्या पडद्यावर चित्रातून दाखवायचा. एक हिरवी पट्टी, किती मेमरी वापरली गेली त्याची. एक लाल पट्टी, प्रोसेसर कामात किती गुंतलाय त्याची. आणि वरच्या बाजूला डावीकडे सरकत जाणारा आलेख, गेल्या मिनिटभरात काय काय झालं ते सांगणारा. आज हे कुणाच्याही फोनमध्ये दिसतं. तेव्हा आमच्या त्या रबरी बटणांच्या, अठ्ठेचाळीस किलोबाइट मेमरीच्या घरगुती यंत्रावर असं काही कुणी पाहिलं नव्हतं.

यंत्र काकांनी आणलं होतं. ते जहाजावर इंजिन सांभाळायचे. येताना काही ना काही घेऊन यायचे. हे यंत्र टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचे. टीव्ही बैठकीच्या खोलीत होता, म्हणून बाबा छापखान्यातून घरी येईपर्यंतची दुपारच काय ती आमची. आमची म्हणजे माझी आणि चिमीची. चिमी माझी धाकटी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

हिरवी पट्टी मी दोन दिवसांत केली. मेमरी मोजणं सोपं होतं. लाल पट्टीपाशी मात्र गाडी अडली. प्रोसेसरला ‘तू किती कामात आहेस?’ असं विचारायला जावं, तर विचारण्यातच त्याचा वेळ जातो. मी महिनाभर डोकं आपटलं. चिमी शेजारी बसून मी सांगेन ते टाइप करायची आणि माझ्या चुका गुपचूप दुरुस्त करायची.

एका दुपारी तिनं एकदम विचारलं, “दादा, आईला आज काम जास्त होतं की कमी, हे तुला कसं कळतं?”

“तिच्या चेहऱ्यावरून.”

“मला तिच्या विणकामावरून कळतं. मधे हात रिकामा झाला की ती सुया उचलते. परवा बारा ओळी झाल्या, काल तीनच. म्हणजे काल काम जास्त. तिला विचारावंच लागत नाही.”

मी वही पुढे ओढली.

“तसंच यालाही काहीतरी विणायला द्यायचं,” ती म्हणाली. “काम नसेल तेव्हा एक, दोन, तीन, चार असे टाके मोजत बस म्हणायचं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा नव्यानं उमटतं ना? तर प्रत्येक वेळी बघायचं, किती टाके झाले. पूर्ण झाले तर रिकामा. थोडेच झाले तर गुंतलेला.”

संध्याकाळ व्हायच्या आत लाल पट्टी हलायला लागली. मोठी गणितं दिली की पट्टी सरसर वर चढायची, थांबवली की खाली बसायची. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. आई सुया हातात घेऊनच बघायला आली आणि “हे काय, ताप मोजायचं यंत्र केलंत का?” म्हणाली. पट्टी पुन्हा पुन्हा पूर्ण काढण्यातच यंत्राचा बराच वेळ जातो हेही चिमीच्याच लक्षात आलं. जेवढी वाढली किंवा घटली तेवढाच तुकडा रंगवायचा, ही युक्तीही तिचीच. टाके मोजणाऱ्या त्या चलाला, म्हणजे व्हेरिएबलला, तिनं ‘टाके’ असंच नाव दिलं.

मासिकाला पाठवताना पाकिटावर मी माझं एकट्याचं नाव लिहिलं. मुद्दाम लबाडी करायची असं ठरवून नव्हे. यंत्र माझ्यासाठी आणलेलं, विषय मी निवडलेला, ती लहान. मला ते सरळच वाटलं. सोबतच्या लेखात मात्र लिहिलं, ‘आईचं विणकाम बघताना मला ही कल्पना सुचली.’ त्या वाक्याला सरळ म्हणायची सोय नाही.

अंक आला तेव्हा चिमीनं तो उभ्या उभ्या वाचला. “छान छापलंय,” म्हणाली आणि अंक टेबलावर ठेवला. मी सुटकेचा श्वास सोडला.

त्याच आठवड्यात दुसऱ्या गावातल्या संस्थेचा संगणकाच्या अभ्यासक्रमाचा अर्ज तिनं आणला. तिथं वसतिगृहात राहावं लागणार होतं. बाबांचं मन होईना. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला गॅलरीत बोलावलं.

“तू यातला जाणकार,” ते म्हणाले. छापखान्यातला माणूस, मुलाचं नाव छापलेलं बघून त्यांची छाती फुगली होती. “खरं सांग, तिला यातलं कळतं का? डोकं आहे तिचं? असेल तर पाठवतो. उगाच हौस असेल तर एवढ्या लांब नको.”

खरं सांगायचं तर लाल पट्टी कुणाची हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, “टायपिंग चांगलं करते ती. बाकीचं मी बघतो.”

एवढंच. दोन वाक्यं. बाबांनी मान हलवली. चिमी गावातच शिक्षिकेचा अभ्यासक्रम शिकली. पुढे चौतीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं, चष्म्याचं दुकान असलेल्या भल्या माणसाशी लग्न केलं, दोन मुली वाढवल्या. मीही संगणकाचा नाद सोडला आणि मीटरमध्ये रमलो. आमचं भांडण कधी झालं नाही. जाणं-येणं होतं, वाढदिवसाला फोन होते. फक्त पूर्वीसारखं एका टेबलाशी बसून हसणं नंतर झालं नाही, आणि ते का नाही हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

आता त्या हॉलमध्ये. त्यांनी माझा प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर चालवून मोठ्या पडद्यावर दाखवला. पट्ट्या हलल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्या रांगेतल्या एका तरुण बाईंनी हात वर केला. त्या प्रोग्रॅम लिहिण्याचंच काम करतात असं त्यांनी सांगितलं.

“सर, मोजणीची युक्ती फार सुंदर आहे. पण त्या चलाचं नाव ‘टाके’ का?”

मी आईच्या विणकामाची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षं जशी सांगत आलो तशीच.

“म्हणजे तुमच्याच लक्षात आलं ते? मुलगा असून विणकामाकडे इतकं बारीक लक्ष?” त्यांनी कौतुकानंच विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. तोंड उघडलं की बाहेर पडेल इतकं ते जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, “हो, लक्ष होतं खरं.”

त्यांनी मला एक फुलांचा गुच्छ दिला. घरी येताना तो मी बसच्या सीटवरच ठेवून उतरलो. विसरलो म्हणायला हरकत नाही.

पुढच्या रविवारी चिमीकडे गेलो. ती गॅलरीत वर्तमानपत्रातलं गणिती कोडं सोडवत बसली होती. नवरा दुकानात. मी हॉलमधलं सगळं सांगितलं, शेवटचं उत्तरही.

“बरं,” ती म्हणाली. “चहा घेणार?”

“चिमे, मला माफ कर. तुझं नाव मी तेव्हाच घालायला हवं होतं.”

तिनं पेन खाली ठेवलं. “दादा, नावाचं मला तेव्हाही एवढं काही वाटलं नव्हतं रे. दोन दिवस वाटलं असेल. ‘टायपिंग चांगलं करते’, ते लागलं.”

“तू ऐकलंस?”

“गॅलरीचं दार उघडं होतं. मी आत भांडी पुसत होते.”

“मग बोलली का नाहीस? बाबांना सांगायचंस, मी खोटं बोलतोय म्हणून.”

“सोळा वर्षांची होते. आणि तुझंच सगळं खरं असायचं घरात.” ती रेलिंगकडे बघत होती. “काही वर्षं तर मलाही वाटायचं, दादा म्हणतो ते बरोबर असेल. आपल्याला खरंच टाइप करण्यापलीकडे काही येत नसेल. ते मात्र तू करायला नको होतंस.”

मी रडलो, साठी ओलांडलेला माणूस. तिनं पाणी आणून दिलं. जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही.

“यंत्र अजून आहे माझ्याकडे,” मी म्हणालो. “तुला आणून देऊ?”

“कशाला? ठेवू कुठे?” मग पेन पुन्हा उचलत म्हणाली, “त्या बाईंना मात्र खरं कळव. चांगला प्रश्न विचारला त्यांनी.”

मी त्याच दिवशी गटाला पत्र लिहिलं. जे झालं ते, गॅलरीतल्या दोन वाक्यांसकट. त्यांनी ते त्यांच्या वेबसाइटच्या पानावर जसंच्या तसं लावलं आणि प्रोग्रॅमवर चिमीचं नाव आधी, माझं नंतर असं केलं. काहींनी मला बरंच सुनावलं. त्या तरुण बाईंनी चिमीला स्वतंत्र पत्र पाठवलं. दोघी तासभर फोनवर बोलल्या, असं तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं. काय बोलल्या ते चिमीनं मला सांगितलं नाही.

आता दर रविवारी आमचा फोन होतो. मुलींचं, गुडघ्यांचं, कोड्यांचं बोलणं होतं, ती हसतेही. पण मी कधी ‘तू त्या संस्थेत गेली असतीस तर’ असं म्हणालो, की ती म्हणते, “दादा, ठेवते आता, कुकर लावायचाय.” आणि फोन बंद होतो.