धुरकट गोल

“दादा, ती ताटली मी मोजते. आज राहू द्या तुम्ही,” प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी म्हणाली.

“तू मोजलीस म्हणून आकडा बदलणार आहे का?” त्याने काचेचे झाकण उचलले.

ताटलीवर नाव नव्हते, केवळ क्रमांक होता. पण तो त्याला तोंडपाठ होता. वरच्या मजल्यावर वेगळ्या खोलीत एकटीला ठेवलेल्या त्याच्या बायकोच्या रक्तातले जंतू त्यात वाढवले होते. ऑपरेशन छान झाले, घरी जायची पिशवी भरली, आणि रुग्णालयातल्याच जंतूंनी तिला गाठले. त्यांच्या थरावर वेगवेगळ्या औषधांच्या बारा टिकल्या ठेवल्या होत्या. जे औषध जंतूंना मारते, त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. अकरा टिकल्यांना जंतू खेटून बसले होते, बापाचे घर असल्यासारखे.

बाराव्या टिकलीभोवती मात्र गोल होता. पुसट, धुरकट.

“धुरकटाकडे काणाडोळा करून मोजा ना,” सहकारी हळूच म्हणाली. “पंधरा मिलिमीटर भरतोय. औषध पास होईल.”

धुरकट म्हणजे जिवंत जंतू. तो भाग गोलात धरायचा नाही, हे तिला त्यानेच शिकवले होते. पंधरा लिहिले तर डॉक्टर आजच ते औषध सुरू करतील. त्याने तिची मूत्रपिंडे जातील आणि जंतू राहतील. त्याने पट्टी तीनदा लावली. अठ्ठावीस वर्षे परक्यांच्या क्रमांकांपुढे ‘दाद नाही’ लिहून तो निवांत चहाला गेला होता. आज पेन पुढे सरकेना. अखेर बाराव्या रकान्यातही त्याने तेच दोन शब्द लिहिले.

दुपारी झगा, हातमोजे, मुखपट्टी चढवून तो दोन दारे ओलांडून आत गेला. न उघडणाऱ्या खिडकीपाशी ती उशीला टेकून बसली होती. एवढ्या संसारात जेवताना त्याने गोलांखेरीज दुसरे काही बोलून दाखवले नव्हते.

“काय हो, किती मोठा पडला?”

“डॉक्टर बघतायत अजून.”

“डॉक्टर बघतात, मोजता तुम्ही.” ती हसली. “जन्मभर जगाला गोल वाटलेत, घरच्यापुरता एक उरला नाही वाटतं.”

त्याची मान खाली गेली. ती उशीवरून सरळ झाली.

“वळा बघू तिकडे.”

“कशाला?”

“वळा म्हणते ना. झग्याची गाठ सुटलीय मागे. असं येतात का इथे?”

तो पाठमोरा उभा राहिला. तिच्या बोटांत जोर नव्हता. बंद दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिने तो करकचून आवळला, आणि त्यावर आणखी एक गाठ मारली.