उजवी दाढ, दहापैकी सहा

माझे सासरे तोंडात माझे दात घालून मलाच दटावतात. खोटं नाही सांगत. मी डेंटल लॅबमध्ये कवळ्या करते, आणि चार वर्षांपूर्वी बाबांची कवळीही मीच केली. बाबा निवृत्त हेडमास्तर. मिठाला, पडद्यांना, माझ्या चालण्याला, सगळ्याला नावं ठेवून झाली. कवळीबद्दल मात्र चकार शब्द नाही. तेव्हा कवळी बिनचूक साधली, या तोऱ्यात मी चार वर्षं वावरले. जेवायला ते तासभर लावतात, प्रत्येक घास डाव्या गालात घोळवत. त्यांची पाठ वळली की मी तस्साच गाल फुगवून दाखवते आणि नवरा हसून लोळतो.

घरात कॉम्प्युटर एकच, तोही बाबांचा. त्याला पासवर्ड. सकाळपासून त्यावर पत्ते खेळायचे आणि किती डाव जिंकले ते आम्हाला ऐकवायचं. आम्ही हात लावायचा नाही. "यंत्र एकाच हाताला सरावतं," म्हणे.

मला तरी कुठे हवा होता तो डबा! पण लॅबच्या मालकीणबाईंनी फर्मान काढलं: मेणाचं टेबल बंद, दात आता कॉम्प्युटरवर घडवायचे. पुढच्या सोमवारी जी एक धड दाढ घडवून दाखवेल तिला नवं टेबल, बाकीच्यांनी पाकिटं भरायची. सोळा वर्षं मी मेण कोरतेय. पाकिटं भरू? मी?

लॅबमधली मैत्रीण, आमची चष्मेवाली, तिने माझ्या हातात पेनड्राइव्ह कोंबला. "ही लिनक्स. विंडोजसारखीच, कॉम्प्युटर चालवणारी. म्हाताऱ्याची विंडोज आहे तिथेच राहू दे, शेजारी ही बसव. त्यांच्या पासवर्डशी तुला घेणंदेणं नाही. दाढा घडवायचा प्रोग्रॅमही यावर फुकट मिळतो."

म्हणजे एकाच घरात वेगळी चूल! लग्न झाल्यापासून जे जमलं नाही ते पेनड्राइव्हवर चालून आलं होतं. आणि फुकट ते पौष्टिक.

मंगळवारी संध्याकाळी बाबा फिरायला गेले तशी मी बसले. डिस्कवर त्यांची भिंत जरा सरकवली, माझ्यापुरती खोली काढली. मध्येच यंत्राने विचारलं, जुन्याच्या शेजारी बसवू की सगळं पुसून बसवू? अगंबाई! बोट चुकलं असतं तर बाबांचे हजारो डाव स्वर्गवासी, आणि त्यांच्यामागोमाग मी. शेजारीच बसवलं. घाईत पासवर्ड ठेवला नाही. म्हटलं, माझ्याकडे कोण फिरकतंय?

आता यंत्र लावलं की आधी दोन नावं दिसायची आणि निवडायला दहा सेकंद मिळायचे. निवडलं नाही तर ते आपणहून पहिल्या नावात शिरायचं. पहिलं नाव माझ्या लिनक्सचं. ते उलटं कसं करायचं हे उद्या चष्मेवालीला विचारू, असं ठरवलं आणि तिथेच घात झाला. बाबांची रीत अशी की सकाळी बटण दाबायचं आणि यंत्र जागं होईपर्यंत बेसिनवर कवळी घासून यायचं. दहा सेकंद त्यांच्यासाठी कशाला थांबतात?

मला लॅबमध्ये फोन आला. "सूनबाई, माझे पत्ते कुठे गेले?"

"कंपनीने सुधारणा केली असेल, बाबा," मी ठोकून दिलं. "बंद करून परत लावा. बेसिनवर जाऊ नका. नावं दिसली की बाण विंडोजवर न्या आणि एंटर दाबा."

"सुधारणा? मला न विचारता?"

"मला तरी या घरात कोण विचारतं?"

पत्ते सापडले, माझा जीव भांड्यात पडला. मग रोज ते फिरायला गेले की मी दाढ घडवायला बसायची. नमुना म्हणून माझं सर्वांत बिनचूक काम घेतलं, बाबांची कवळी. तिचा साचा लॅबमध्ये होताच. दाढ झाली, तिचं एक चित्रही काढून ठेवलं आणि नाव दिलं 'बाबांची उजवी दाढ'.

रविवारी संध्याकाळी शेवटची नजर टाकावी म्हणून चित्र उघडलं. दाढेच्या आतल्या उंचवट्याभोवती लाल वर्तुळ, माउसने काढलेलं, वाकडंतिकडं. खाली लाल अक्षरात शेरा: सुधारणा करावी. ६/१०.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा दारात चपला काढत होते.

"बाबा! हे काय आहे?"

"कंपनीने सुधारणा केली असेल," बाबा म्हणाले.

"सोळा वर्षांचा हात आहे माझा! तुम्हाला दाढेतलं काय कळतं?"

"दुसऱ्याच्या दाढेतलं काही नाही. ही माझी. तूच नाव दिलंयस." त्यांनी कवळी काढून तळहातावर धरली आणि मागच्या दाढेवर बोट ठेवलं. "इथे टोचते. पहिल्या दिवसापासून."

"मग चार वर्षं बोलला का नाहीत? मिठावरून तर घर डोक्यावर घेता!"

"मीठ दुकानातून येतं," ते म्हणाले. "ही तू केली होतीस."

टोचतं म्हणून हा माणूस डावीकडून चावत होता, आणि मी त्याची नक्कल करत होते. इतकी लाज वाटली की रडूच आलं. बाबांनी रडण्याकडे सरळ दुर्लक्ष केलं, खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पडद्यावरचा उंचवटा माझ्याकडून घासून घेतला. "अजून. अजून जरा. हां, बास."

सोमवारी मालकीणबाईंनी दाढ फिरवून फिरवून बघितली. "हा उंचवटा इतका नेमका कसा बसवलास गं?"

"पेशंट शेजारी बसला होता," मी म्हटलं. टेबल मला मिळालं. त्यावर पहिली कवळी बाबांचीच केली.

यादीत आता पहिलं नाव विंडोजचं आहे. बाबांनी निवांत कवळी घासून यावं, पत्ते तयार. पण काल सकाळी बघते तर काय, स्वारी बोळक्या तोंडाने पडद्यापुढे, बोट बाणावर, नवी कवळी वाटीत. माझ्या दाढा तपासायला लिनक्समध्ये शिरायचे दहा सेकंद चुकू नयेत म्हणून!

"आधी दात घाला," मी म्हटलं. "आणि नव्या कवळीला किती मार्क ते सांगा."

त्यांनी कवळी बसवली, उजवीकडून दोनदा चावून पाहिलं. "नऊ."

"एक कशाबद्दल कापला?"

"चार वर्षं माझ्या पाठीमागे गाल फुगवल्याबद्दल," बाबा म्हणाले, आणि त्यांनी एंटर दाबलं.