पडेल आपोआप

आमच्या शिवणकामाच्या दुकानात कात्र्या दोन आहेत, पण दोरा तोडायला मी त्या कधी उचललेल्या नाहीत. दोरा दातानेच तोडायचा, हे मी मशीनवर बसायला लागले तेव्हापासूनचं. माझ्या पुढच्या दाताला त्याची खाच पडली आहे आणि गिऱ्हाइकांना मी ती कौतुकाने दाखवते. दातांची आमच्या घरात एवढीच दखल. सकाळी घाईत ब्रश फिरवायचा, रात्री मशीनवरून उठून तसंच आडवं व्हायचं. मुलीलाही तेच वळण लागलं. नऊ वर्षांची आहे, बुटकी आणि गोल चेहऱ्याची, म्हणून सगळे तिला बटण म्हणतात.

खालच्या दाढेवरचा काळा ठिपका तिनेच मला दाखवला होता, दोन वर्षांपूर्वी. मी कॉलर पलटत होते. "आ कर" म्हटलं, एक नजर टाकली आणि सांगून टाकलं, "दुधाची दाढ आहे गं. पडेल आपोआप, मग नवी येईल." सात वर्षांच्या पोरीचे दात पडतातच की! पुढे ठिपक्याचा खड्डा झाला, त्यात घास अडकायला लागला, तेव्हाही मी तेच म्हटलं. ती निमूटपणे दुसऱ्या बाजूने चावायला लागली. माझ्यावर तिचा फार विश्वास.

शाळा उघडायच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. गणवेशांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. सोमवारी ती म्हणाली, "आई, दाढ ठणकतेय." मी म्हटलं, "गुरुवारी ऑर्डर गेली की दाखवू." दातांचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. चालत गेलं तर पाच मिनिटं लागतात.

तिचे बाबा इस्त्रीच्या टेबलावर असतात. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणतं, मीही तेच म्हणते. भला माणूस, पण सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध: कापडाची जाड घडी इस्त्रीखाली गरम करायची आणि दुखऱ्या जागी धरायची. माझी कंबर, त्यांचा गुडघा, शेजारणीची मान, सगळं त्या घडीवर बरं झालेलं. सोमवारपासून त्यांनी बटणच्या गालाला शेक द्यायला सुरुवात केली. मंगळवारी गाल टम्म फुगला, तर शेक वाढवला. एक घडी गालावर, दुसरी इस्त्रीखाली. "सूज बाहेर येतेय, म्हणजे उतरेल," असं ते म्हणाले. मीही मान डोलावली आणि काज करायला बसले.

बुधवारी सकाळी ती माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. तोंड अर्धवट उघडं आणि लाळ फ्रॉकवर गळत होती. "लाळ गीळ ना," मी खेकसले. तिने मान हलवली. बोलली तेव्हा तोंडात मोठा घास धरून बोलावं तसा आवाज आला. मी तिच्या हनुवटीखाली हात लावला. तिथलं मांस लाकडासारखं घट्ट झालं होतं. मी मशीन तसंच सोडलं, मास्तरांना हाक मारली आणि तिला उचललं.

गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलंसुद्धा नाही. टॉर्च मारला आणि म्हणाले, "सूज जिभेखाली पसरलीय, जीभ वर उचलली गेलीय. मोठ्या हॉस्पिटलला न्या, आत्ताच्या आत्ता. आडवी करू नका, बसवूनच न्या. श्वास अडकू शकतो."

रिक्षात मास्तरांनी तिला छातीशी उभी धरली होती. प्रत्येक श्वासाला घरघर. मी ती घरघर मोजत होते आणि रिक्षावाल्यावर ओरडत होते, जणू पुढची सगळी वाहनं त्यानेच आणून उभी केली होती. देवा, तिला घेऊ नकोस, मला ने, माझे सगळे दात उपटून घे, असं काहीबाही मी बडबडत होते. लाज वगैरे काही उरली नव्हती.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि भराभर विचारत होत्या. ताप कधीपासून? औषध काय दिलं? गरम शेक दिला का?

"मी दिला," मास्तर म्हणाले. "दोन दिवस."

"दाढेत पू झाला की बाहेरून शेकायचं नसतं हो. सूज आणखी पसरते. आणि एवढे दिवस ही दाढ तशीच का ठेवलीत?"

मास्तरांनी मान खाली घातली. दाढेबद्दलचं उत्तर माझ्याकडे होतं, पण जीभ उचलली नाही.

"आम्हाला वाटलं, दुधाची आहे," शेवटी मास्तरच म्हणाले. 'आम्हाला' म्हणाले. त्यांना तर मीच सांगितलं होतं.

"कायमची दाढ आहे ती. सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुधाच्या दाढांच्या मागे. त्या जागी आधी काही पडत नाही, म्हणून आईबापांना कळत नाही. आता काढावीच लागेल. गळ्याखाली चीरही द्यावी लागेल. इथे सही करा."

सही मी केली. तिला आत नेलं आणि दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर मी मास्तरांना काय काय बोलले ते लिहायची माझी हिंमत नाही. इस्त्री काढली, घडी काढली, त्यांची अक्कल काढली. ते फक्त स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले. मी एवढी का ओरडत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. थांबले असते तर 'पडेल आपोआप' हे माझेच शब्द मला ऐकू आले असते.

दुपार कलल्यावर आम्हाला आत सोडलं. गळ्याला पट्टी, पट्टीखालून नळी, हाताला सलाईन. पण श्वास सरळ चालला होता. मी तिच्या पायांवर डोकं टेकून ढसाढसा रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडा उशीर झाला असता तर हातची गेली असती. आज तिला बोलू देऊ नका."

बटणने हातानेच लिहायची खूण केली. मास्तरांनी कानावरची पेन्सिल आणि खिशातली मापाची चिठ्ठी दिली. तिने चिठ्ठीच्या मागे सावकाश लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

'नवी दाढ कधी येणार?'

मास्तर काहीतरी गोड बोलायला पुढे झाले. मी त्यांचा हात धरला.

"नाही येणार, बाळा," मी म्हटलं. "ती दुधाची नव्हती. मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नाही. बाबांचं काही चुकलं नाही, माझं चुकलं."

तिने चिठ्ठी माझ्यासमोरून काढून घेतली आणि तोच प्रश्न बाबांसमोर धरला.