बिनउसन्याची वजाबाकी

“घे, ह्याही गाडीचं जमलं,” असे म्हणून काटेवाल्यांनी कागद पत्नीपुढे सरकवला.

तिने उत्तर पाहिले. ते बरोबर होते. बरोबर येणारच होते, कारण गणित तिनेच तसे रचले होते.

भरल्या ट्रकचे वजन वर मांडावे, रिकाम्याचे खाली. एककाखाली एकक, दशकाखाली दशक. आणि उरेल तो माल. धान्याच्या गोदामातील वजनकाट्यावर काटेवाल्यांनी हेच काम उभी हयात केले होते. ट्रक काट्यावरून उतरण्यापूर्वी त्यांचे उत्तर तयार असे. पुढे मेंदूत रक्ताची गाठ झाली. हातपाय सावरले, वाचाही परतली. मात्र वरचा अंक लहान असला की शेजारच्या घरातून उसने घ्यावे लागते, एवढेच कोठेतरी वाटेत सांडले. ते मुकाट्याने मोठ्यातून लहान वजा करीत आणि पुढे जात.

पहिल्यांदा ती चूक दिसली तेव्हा तिने ती दोनदा पडताळून पाहिली. तिची शाळा दुसरीतच सुटलेली. वजाबाकी तिला लग्नानंतर त्यांनीच शिकवलेली. ज्यांनी शिकवले त्यांचीच चूक कोणत्या तोंडाने दाखवावी? दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना सरावाला गाड्यांची अशीच गणिते घालू लागली, की ज्यांत वरचा अंक खालच्याहून कधीच लहान नसे. उसने घेण्याची पाळीच येऊ नये. त्यांचा चेहरा उजळला. रोजची दाढी पुन्हा सुरू झाली. आणि एके दिवशी, तिला न विचारता, त्यांनी गोदामाच्या मालकांना निरोप धाडला, की मी कामाला तयार आहे, येऊन पाहावे.

मालक आले. वडिलांच्या वेळचा माणूस, म्हणून अदबीने बसले. काट्यावरचा नवा माणूस वजाबाकीसाठी पायाची बोटेसुद्धा मोजायला घेतो, असे सांगून त्यांनी काटेवाल्यांना हसवले. मग संकोचत सकाळच्याच एका ट्रकची वजने कागदावर लिहिली. वर १६२४०, खाली ७८६५.

दारातून तिला ते आकडे दिसले. तिने चौकट घट्ट धरली.

काटेवाल्यांनी झरझर उत्तर लिहिले : ११६२५. खरा माल आठ हजारांच्या थोडा वर होता. मालकांनी कागदाची घडी करून ती खिशात घातली.

“काका, अजून थोडा आराम करा. घाई कसली?”

ते गेले. जिन्यावरची पावले विरल्यावर काटेवाले पत्नीकडे वळले.

“चुकलं ना?”

“हो.”

“मग तुझ्या गाड्या कशा बिनचूक यायच्या?”

तिने सारे सांगितले. त्यांनी आवाज चढवला नाही.

“तरीच. एवढ्या शहाण्या गाड्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.” त्यांनी हसण्याचा यत्न केला, तो साधला नाही. “त्यांच्यासमोर शोभा होण्याआधी तू तरी सांगायचंस गं.”

“अहो, किती दिवसांनी तुम्ही हसत होता. माझ्याच्यानं नाही झालं.”

एक कोरा कागद ओढून त्यांनी मालकांचेच दोन आकडे त्यावर मांडले. एकाखाली एक, ओळंब्यात असावेत तसे. मग कागद तिच्याकडे फिरवून पेन्सिल तिच्या हाती दिली.

“तू कर. मी बघतो.”

शून्यातून पाच जाईनात, म्हणून तिने शेजारच्या चारावर तिरकी रेघ मारली आणि वर तीन लिहिले. ते पेन्सिलीच्या टोकामागून डोळे नेत राहिले. घर घर करीत ती डावीकडे सरकली. अखेर खाली उत्तर उभे राहिले : ८३७५.

आयुष्यभर ट्रकवाले खिडकीशी वाकून त्यांना जे विचारीत आले, ते आज त्यांनी तिला विचारले.

“बरोबर आहे का?”

तिने मान डोलावली. पेन्सिल त्यांना परत द्यावी की खाली ठेवावी, हे न उमगून ती तशीच हातात धरून बसून राहिली.